शाल्मलीचा श्रमांक

झेरॉक्सच्या दुकानदाराने शाल्मलीला आधी पाणी दिलं, मग पंख्याखालची खुर्ची दिली आणि मग काम नाही म्हणून सांगितलं. आधीच्या चार ठिकाणीही हाच क्रम होता. दोन ठिकाणी पाण्याऐवजी चहा होता, इतकाच फरक.

"ताई, तुमच्या पायांबद्दल माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "हाताबद्दलही नाही. तसं म्हटलं तर मी आत जाईन. पण हे पाहा ना तुम्ही."

त्याने काउंटरवरचा लहानसा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर आकडा होता, तीन पूर्णांक चार.

शाल्मली कुंभरे वीस वर्षांची होती आणि अमरावतीला संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून दोन्ही पाय कायम ताठलेले आणि हात कह्यात नसलेले. उजवा त्यातल्या त्यात ऐकायचा. दोन कुबड्यांवर ती चालायची, आणि चालायची म्हणजे गावभर चालायची. दुकानात तिने तासभर काम करून दाखवलं होतं. पानं जुळवली, टाचली, गिऱ्हाइकांना ज्याचे त्याचे गठ्ठे दिले. एक पान उलटं लागलं नव्हतं.

"हेच काम माझा माणूस करतो तेव्हा त्याचा आकडा एक येतो," दुकानदार म्हणाला. "तुमचा साडेतीनच्या घरात. म्हणजे एका तासाला साडेतीन तासांची मजुरी. तुम्ही तर आकडेमोडच शिकता. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

आकडेमोड बरोबर होती. तिने मानेमागची पट्टी सोलून त्याच्या हातात दिली आणि कुबड्या घेऊन उठली. तो लगबगीने पुढे झाला आणि त्याने दार उघडून धरलं. दार उघडून धरणारी माणसं त्या वर्षी गावात फार झाली होती.

श्रमपट्टी आली तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते, हे आता सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. त्याआधी मजुरी तासावर असायची, नाहीतर वजनावर. पोत्यांची नोंद करणारा खुर्चीत बसून पोती उचलणाऱ्यापेक्षा जास्त घेऊन जायचा. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर वाकलेल्या असायच्या, आणि मोजला जायचा तो कापूस. वाकणं कुणी मोजत नव्हतं.

पट्टी ते मोजू लागली. बोटाच्या पेराएवढी पट्टी, मानेमागे चिकटवायची. मानेतल्या मज्जारज्जूतून हातापायांकडे जाणारे संदेश ती पकडायची, रक्तातला प्राणवायू किती झपाट्याने खर्च होतो ते पाहायची, आणि थकलेले स्नायू जे आम्ल घामात सोडतात तेही चाखायची. या तिन्हींचा मिळून एक आकडा व्हायचा. धडधाकट माणसाने तासभर साधं काम केलं की होणारी झीज म्हणजे एक. त्याच्या दुप्पट झीज झाली तर दोन. हाच श्रमांक. कायदा झाला, की जितका श्रमांक तितकी मजुरी. पहिल्याच महिन्यात हमाल, झाडूवाल्या, रोवणीच्या बाया आपल्या मुकादमांपेक्षा जास्त घेऊन घरी गेल्या. एका मुकादमाने तर आकडा वाढावा म्हणून स्वतः पोती उचलायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसला. गाव महिनाभर हसत होतं.

घाम खोटं बोलत नाही, असं तेव्हा भिंतीभिंतीवर रंगवलेलं असायचं. खरोखरच तो खोटं बोलत नव्हता. शाल्मलीचं नेमकं तिथेच अडलं. तिचे स्नायू झोपेतही सैल पडत नसत. खुर्चीतून उठायला तिला लागे तेवढ्या जोरात दुसरं कुणी जिना चढून गेलं असतं. पट्टी ते इमानेइतबारे मोजायची. अपंग म्हणून कुणाला नाकारणं हा गुन्हा होता. श्रमांक परवडत नाही म्हणून नाकारणं हा व्यवहार होता.

विद्यापीठाच्या 'कमवा-शिका' कचेरीत बोंडे नावाचे कारकून होते. त्यांच्यासमोर ती जाऊन बसली.

"झालं का?" बोंड्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मले माहीत होतं." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, मी तुले घोर लावून नाही राहिलो, पण पंधरा तारखेपर्यंत कामाचं पत्र नाही आलं, तर मेसचं कार्ड बंद होते. अन् मेस बंद झाली का महिन्याभरात खोली जाते. नियम तसाच आहे, मी काय करू? घरचं कोणी..."

"कुणी नाही, बोंडेकाका. दर वेळी काय विचारता?"

"रकाना आहे ना त्यात," बोंडे ओशाळून म्हणाले.

चार वर्षांची असताना तिला परतवाड्याच्या बालगृहात कुणीतरी ठेवून गेलं होतं. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहाने एक पिशवी, दोन ड्रेस आणि बारावीची गुणपत्रिका देऊन निरोप दिला. खोली गेली तर जायला तिला ठिकाण नव्हतं, आणि शिक्षण खोलीला बांधलेलं होतं.

बोंड्यांनी खणातून एक चिठ्ठी काढली. "कॅम्पात राजूरकर मॅडम म्हणून आहे. म्हाताऱ्या आहे. जुन्या वह्या लावून द्याले माणूस पाह्यजे त्यायले. जाऊन पाह्य. अन् ऐक, हे पट्टीचं भूत त्यायनंच काढलं म्हणतात. चांगल्या चार शिव्या घालून ये, माह्याही वतीनं."

डॉ. विमल राजूरकर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. दारात त्यांनी शाल्मलीला हात दिला नाही की बस म्हटलं नाही. म्हणाल्या, "कुठल्या खुर्चीतून उठायला सोपं जातं तुला? ती घे." शाल्मलीला त्या तिथेच आवडल्या.

घरात खोकीच खोकी होती. मे महिन्यात मुलगा त्यांना बंगळूरला नेणार होता आणि घर विकलं जाणार होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्या शरीरशास्त्राच्या तरुण प्राध्यापक होत्या. तेव्हा दर्यापूरकडच्या शेतांमधून कापूस वेचणाऱ्या बायांच्या तोंडाला रबरी नळी लावून त्यांचा श्वास पिशवीत गोळा करत त्या हिंडल्या होत्या. शाल्मलीने पहिली वही उघडली. पुंजाबाई, वय पस्तीस, वाकणं तासाला सहाशे दहा वेळा.

"ही पुंजाबाई मला म्हणाली होती," बाई हसून म्हणाल्या, "'बाई, या पिशवीत माहा जीव भरून नेतं का?' तिच्या श्वासाचा आकडा मी मुंबईच्या परिषदेत वाचून दाखवला, तेव्हा एक साहेब म्हणाले, बायका गप्पा मारत वेचतात, त्यात कसले श्रम? त्या दिवशी ठरवलं, हे मोजायचंच. तेव्हाची माणसं, काय सांगू तुला, एका भाकरीवर दिवस काढायची आणि वर मलाच जेवायला बसवायची."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने शाल्मलीच्या मानेमागे पट्टी लावली. तासाभराने पडदा पाहिला तर तीन पूर्णांक पाच. बाईंचा चेहरा उजळला.

"पाहिलंस? तू किती झिजतेस ते आजवर कुणाला दिसलं होतं का? हे यंत्र तुझ्याबद्दल खरं बोलतं."

"खरं बोलतं म्हणूनच उपाशी ठेवतं," शाल्मली म्हणाली.

बाईंनी ऐकून घेतलं. जेमतेम आठवड्याचे चार तास त्या देऊ शकत होत्या. त्यांच्या पत्राने त्या महिन्याचं कार्ड वाचलं. पण घर रिकामं झालं की ते पत्रही संपणार होतं.

तिसऱ्या आठवड्यात शाल्मलीने सरळ विचारलं, "बाई, आकडा कमी करता येतो का?"

"नाही."

"करता येतो. मी तुमच्या वह्या वाचल्या. तुम्ही सगळ्यांना एकाच धडधाकट माणसाने भागता. त्याऐवजी मला माझ्यानेच भागा. मी नुसती बसले असताना आणि दहा पावलं चालले असताना माझी जी झीज होते, तो माझा एक. मग कामाचा आकडा आपोआप खाली येईल."

"येईल. आणि तुझे अर्धे श्रम नाहीसे होतील. कागदावरून. तुझ्या शरीरातून नाही."

"कागदावरूनच तर नाहीसे व्हायला हवेत."

"मी आयुष्यभर जे दिसावं म्हणून धडपडले," बाई हळू म्हणाल्या, "ते तू मला पुसायला सांगतेस."

"मी नोकरी मागते आहे, बाई."

बाई दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी श्रमांकाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाला पत्र लिहिलं. अपंग कामगारांना स्वतःचा वेगळा पाया, म्हणजे स्वतःचा 'एक', मोजून मिळावा. त्यासाठी माणसाला अर्धा तास शांत आडवं झोपवून मग माप घ्यावं. बाईंच्या नावाला अजून वजन होतं. मार्चमध्ये हुकूम निघाला. त्यात सगळं होतं, फक्त अर्ध्या तासाच्या जागी पाच मिनिटं झाली होती आणि आडवं झोपण्याच्या जागी बाकावर बसणं आलं होतं. मापं घेणाऱ्या केंद्रात खाटा नव्हत्या.

शाल्मलीच्या खोलीत फरहीन नावाची वकिलीची विद्यार्थिनी राहायची. तिला दिसत नव्हतं, पण बातमी तिच्याकडे सगळ्यांच्या आधी यायची.

"उद्या केंद्रावर जाताना रिक्षा करू नको," फरहीन म्हणाली. "चालत जा."

"तीन किलोमीटर? मरेन मी."

"तेच तर. मरायला टेकून जा. अगं, पाच मिनिटांत शरीर निवतं का कुणाचं? दमलेली असताना माप घेतलं की पाया वर चढतो. पाया वर चढला की कामाचा आकडा खाली. मी काल शंभर उठाबशा काढून गेले. लहानपणी मौलवीसाहेब काढायला लावायचे त्याची आठवण झाली. अल्ला कसम, एक पूर्णांक शून्य आला माझा. धडधाकट बाई झाले मी."

शाल्मली हसली. शाल्मलीला संख्याशास्त्र येत होतं. फरहीनचं म्हणणं बरोबर होतं.

केंद्राच्या मागच्या पटांगणात दुसऱ्या दिवशी तिला जे दिसलं ते तिने पुढे महिनाभर कुणाला सांगितलं नाही. चाळीसेक मुलंमुली स्वतःला दमवत होती. एका पायाचा एक मुलगा भिंतीला धरून उड्या मारत होता. चाकाच्या खुर्चीतल्या दोघी उतारावरून खुर्च्या वर ढकलत होत्या आणि परत खाली येत होत्या. कुणी रडत नव्हतं. थट्टाच चालली होती. "ए, तू लई फ्रेश दिसून राहिली, अजून दोन चक्कर मार." आतून नाव पुकारलं की जो तो घाम पुसून, धाप दाबून, शहाण्यासारखा बाकावर जाऊन बसायचा.

शाल्मली तीन किलोमीटर चालत आली होती. तरी तिने उताराच्या चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला डावा पाय जागीच थरथरू लागला. तेव्हा नाव आलं.

बाकावरचं माप झाल्यावर केंद्रातल्या मुलीने तिला वह्यांचा गठ्ठा लावायला दिला आणि त्या कामाचा आकडा पाहून म्हणाली, "एक पूर्णांक एक. अभिनंदन."

त्याच आठवड्यात बडनेरा रस्त्यावरच्या एका पार्सलच्या गोदामात तिला रोजचं चार तासांचं काम मिळालं. सुपरवायझरने तिच्या कुबड्यांकडे पाहिलं, पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं, आणि दार उघडून धरलं नाही. ते तिला फार बरं वाटलं. त्या संध्याकाळी तिने फरहीनला गिला वडा खाऊ घातला. बोंडेकाकांना पत्र दिलं तेव्हा त्यांनी शिक्का इतक्या जोरात मारला की शाई पलीकडच्या कागदावर उमटली.

एप्रिलभर ती पार्सलं लावत होती. एक पूर्णांक एकवाल्याला इतरांइतकीच पार्सलं लावायची असत. ती लावायची. सकाळच्या तासाला मात्र फळ्यावरची समीकरणं डोळ्यांसमोर वाहून जायची. कॉलेजच्या डॉक्टरांकडे गेली तर त्यांनीही आधी पट्टीच पाहिली. "थकवा दिसत नाही यात. झोप नीट घे." हाताची बोटं संध्याकाळी उघडत नसत. ती गरम पाण्यात धरून बसायची आणि फरहीन तिला नोट्स वाचून दाखवायची, दोघीही मधेच झोपून जायच्या.

मग परीक्षा विभागाचं पत्र आलं. शाल्मलीला लिहायला वेळ लागतो म्हणून तिला दर पेपरला तासभर वाढवून मिळायचा. आता सर्व सवलती श्रमांकावर ठरणार होत्या. तिचा एक पूर्णांक एक. दीडच्या खाली कुणालाच वाढीव वेळ नव्हता.

पत्र घेऊन ती बाईंकडे गेली. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. बाईंनी पत्र वाचलं, तिचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून उघडली, आणि विचारलं, "माप द्यायला गेलीस तेव्हा काय केलं होतंस?"

शाल्मलीने सांगितलं. पटांगणही सांगितलं.

 बाई उठल्या, टेबलाशी जाऊन बसल्या आणि लिहू लागल्या. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. पाया चुकीच्या पद्धतीने मोजला आहे, आजवरची सर्व मापं रद्द करावीत, अर्धा तास झोपवूनच ती पुन्हा घ्यावीत.

"पुन्हा घेतली तर माझा किती येईल?" शाल्मलीने विचारलं.

"दोन. सव्वादोन."

"म्हणजे गोदाम गेलं."

"वाढीव वेळ मिळेल तुला."

"कुठे राहून परीक्षा देऊ, बाई? स्टँडवर?" तिचा आवाज चढला नाही. "आणि मी एकटी नाही. फरहीनचं काम जाईल. नऊशे जणांनी माप दिलंय या जिल्ह्यात. पाठवू नका."

"शरीर मोडतंय तुझं. मला दिसतंय."

"मोडू दे. माझं आहे."

"हे मी कसं चालू देऊ? माझ्या नावावर?"

"तुमचं नावच तुम्हाला..." शाल्मली थांबली. मग म्हणाली, "तुम्ही पुंजाबाईला कधी विचारलंत का हो, तिचं किती मोजून हवंय तिला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या वयात माणसाला कुणी काही विचारत नाही. विचारलं की उत्तर शोधायला दूर जावं लागतं. "नाही," त्या म्हणाल्या. "तिने मला जेवायला वाढलं. मी तिला आकडा वाचून दाखवला. तिला काय हवंय ते विचारायचं राहिलं."

त्यांनी पत्राची घडी केली. पाकिटात घातली नाही. पुंजाबाईच्या वहीत ठेवली, वही खोक्यात ठेवली आणि चिकटपट्टी ओढून खोकं बंद करायला लागल्या. पट्टी सरळ बसेना. शाल्मलीने दुसऱ्या बाजूने खोकं दाबून धरलं. दोघींनी मिळून ते बंद केलं. खोकं बंगळूरला गेलं की नाही, कुणास ठाऊक. शाल्मली निघताना बाई तिला म्हणाल्या, "फोन करत जा." ती हो म्हणाली.

परीक्षेच्या आधी चार दिवस परीक्षा विभागाच्या खिडकीवर फॉर्म द्यायचे होते. आजवर ज्यांना वाढीव वेळ मिळायचा त्यांनी एकतर पुन्हा माप द्यायचं होतं, नाहीतर श्रमांक तोच ठेवून सवलत सोडतो असं लेखी द्यायचं होतं. ते टंकलेलं चालत नव्हतं, दुसऱ्याच्या हातचंही नाही. पुढे कुणी तक्रार करू नये म्हणून उमेदवाराने खिडकीसमोर उभं राहून स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं. कचेरीत माणसं कमी, म्हणून बोंडे त्या दिवशी त्या खिडकीत होते.

"ठरवलं का नक्की?" त्यांनी विचारलं.

"ठरवलं."

त्यांनी कोरा कागद सरकवला आणि नमुना भिंतीवर होता तो दाखवला. शाल्मलीने एक कुबडी खिडकीला टेकवली, कोपराने कागद दाबला आणि लिहायला घेतलं. 'मी, शाल्मली कुंभरे, लिहून देते की...' गोदामातून ती सरळ आली होती. पेन बोटांत फिरत होतं. 'देते'ची मात्रा रेषेबाहेर गेली. तिने ती तशीच राहू दिली.

मागे रांग वाढली. "ओ मॅडम, उरकवा ना जरा," कुणीतरी म्हणालं. दुसरं कुणी त्याला गप्प बस म्हणालं.

'...मला परीक्षेत वाढीव वेळेची...' इथे पेन हातातून निसटून खाली पडलं. मागच्या मुलीने उचलून दिलं.

बोंड्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीशेजारचं दार उघडून ते बाहेर आले, आपली खुर्ची ओढून आणली, तिला बसवलं आणि कागद ठेवायला समोर स्टूल दिलं.

"लिही," ते म्हणाले. "सावकाश लिही. तुले पाह्यजे तेवढा वेळ घे."

मग आत जाऊन त्यांनी बाकीच्यांचे फॉर्म घ्यायला सुरुवात केली. एकेक जण फॉर्म देऊन पावती घेऊन जात होता. '...आवश्यकता नाही. हा निर्णय मी...' रांग संपली. शेवटच्या मुलीने पावती पिशवीत घातली आणि जाता जाता मागे वळून पाहिलं. शाल्मली अजून 'स्वखुशीने' लिहीत होती.